गैरहजेरीचे तीन दिवस

मोडी कागद वाचून त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करून देणे हा माझा 19 वर्षांचा व्यवसाय आहे. माझ्याकडे येणारी माणसे बहुतेक जमिनीसाठी येतात. कुणाला इनामाची सनद लावून घ्यायची असते, कुणाला वतनाच्या वाटणीचा कागद कोर्टात दाखल करायचा असतो, कुणाला कुलवृत्तान्तासाठी सात पिढ्यांची नावे हवी असतात. कागदात काय लिहिले आहे हे कळले की त्यांचे काम होते आणि माझेही. गेल्या ऑगस्टमध्ये मात्र मुंबईच्या पुरालेखागारात माझ्यासमोर एक असा कागद आला की तो मोडीत नव्हता, त्यात जमीन नव्हती, आणि तो वाचून झाल्यावरच खरे काम सुरू झाले.

कागद आणणारे गृहस्थ मॉरिशसचे होते. वय पंचाहत्तरीच्या आसपास, निवृत्त शिक्षक. ते मराठी सावकाश, शब्द तोलून बोलत. घरात आम्ही क्रेओलच बोलतो, मराठी देवघरात आणि झाकरीच्या गाण्यांत उरली आहे, असे त्यांनी आल्याआल्या सांगितले. मी त्यांना काका म्हणू लागले आणि ते मला ताई. गणपतीला ते रत्नागिरीकडे जाणार होते आणि त्याआधी त्यांना पणजोबांचे गाव ठरवून हवे होते. जुन्या इंग्रजी दफ्तरांत कोकणातल्या गावांची आणि माणसांची नावे कशी मोडून लिहिली जातात याची मला सवय असल्यामुळे कुणीतरी त्यांना माझे नाव सुचवले होते.

त्यांच्याजवळ दोन कागद होते. पहिला स्थलांतरितांच्या नोंदवहीतला उतारा. मॉरिशसला गेलेल्या प्रत्येक करारबद्ध मजुराला एक क्रमांक मिळत असे आणि त्या क्रमांकाखाली त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा आणि कोणत्या मळ्यावर धाडले ते लिहिलेले असे. काकांच्या पणजोबांची नोंद 1866 ची होती. वय 20, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या भुवईवर वण. जिल्हा रत्नागिरी हे जुन्या इंग्रजी स्पेलिंगमधूनही स्पष्ट होते. गावाचे नाव मात्र कारकुनाने कानावर पडले तसे उतरवले होते आणि त्या उच्चाराशी जुळणारी तीन गावे मला लगेच आठवली. तिन्ही नावे मी त्यांना लिहून दिली आणि एकाच गावावर बोट ठेवता येईल इतका पुरावा या कागदात नाही हेही सांगितले. त्यांना थोडे वाईट वाटले. तरी ते उठले नाहीत. दुसरा कागद त्यांनी पिशवीतच ठेवला होता.

तो काढण्यापूर्वी त्यांनी विचारले, "ताई, आमचा पणजोबा चोर होता का, एवढं तुम्ही मला वाचून सांगाल?"

त्यांच्या घरात पितृपक्षात पणजोबांचे नाव घेतले जाई, पण त्यांच्याविषयी कुणी बोलत नसे. ते तुरुंगात जाऊन आले होते एवढेच काकांच्या आजीने एकदा सांगितले होते आणि पुढे विचारू नको असे बजावले होते. काकांनी नोकरीभर हा प्रश्न मनात ठेवला. निवृत्तीनंतर त्यांनी अभिलेखांत शोध घेतला, तेव्हा पणजोबांच्या क्रमांकावर 1869 ची एक नोंद सापडली. ती त्यांना इंग्रजीत वाचता येत नव्हती असे नाही. एकट्याने वाचायची त्यांना भीती वाटत होती.

नोंद तक्ताबंद होती, चार-पाच ओळींची. अक्षर सफाईदार होते. घाईत नसलेल्या माणसाने रोज अशा वीस नोंदी कराव्यात तसे. मी ती रकान्यांप्रमाणे मराठीत सांगत गेले. मजुराने तीन महिन्यांचा पगार मिळाला नाही अशी तक्रार केली. मळ्याच्या व्यवस्थापकाने पगार दिल्याचे सांगितले. तक्रार शाबीत झाली नाही. तक्रारदार तीन दिवस परवानगीविना मळ्यावरून गैरहजर होता, म्हणून त्याचे सहा दिवसांचे वेतन कापावे आणि त्याला 14 दिवसांची सक्तमजुरी द्यावी.

काकांनी मला पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले. चोरीचा शब्द त्यात कुठेही नव्हता.

हे तीन दिवस कुठले, हे त्यांना कळत नव्हते. मला ते कळायला वेळ लागला नाही, कारण मळा फ्लाक जिल्ह्यात होता आणि तक्रार पोर्ट लुईला नोंदवलेली होती. मळ्याचे नाव मी घरच्यांच्या इच्छेवरून येथे देत नाही. फ्लाक हा बेटाचा पूर्व किनारा आणि पोर्ट लुई वायव्येला; चालत जाणाऱ्याला एक दिवस जायला, एक दिवस कचेरीच्या दारात बसायला आणि एक दिवस परतायला. पगार मागायला गेलेल्या माणसाला पगार मागायला गेल्याबद्दल शिक्षा झाली होती. ज्या दिवसांसाठी त्याला गुन्हेगार ठरवले ते दिवस तक्रारीचेच होते.

यात त्या कचेरीच्या दृष्टीने काहीही बेकायदा नव्हते, आणि तेच मला सर्वांत जास्त लागले. मॉरिशसमध्ये त्या काळी दुहेरी कपातीची पद्धत होती: मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्या दिवसाचे वेतन जाई आणि वर आणखी एका दिवसाचे. महिन्याला पाच रुपये आणि शिधा हा नव्या मजुराचा नेहमीचा दर धरला, तर सहा दिवसांचा एक रुपया होतो. काकांच्या पणजोबांनी पंधरा रुपये मागितले, त्यांना एक रुपया भरावा लागला आणि चौदा दिवस दगड फोडावे लागले किंवा असेच काही. पंधरा रुपयांचे काय झाले, ते कागदावर नाही.

आता येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे, कारण मॉरिशसमध्ये मजुरांची गाऱ्हाणी ऐकायला कुणी नव्हतेच असा समज होऊ नये. होते. 2 नोव्हेंबर 1834 ला पहिले 36 मजूर घेऊन ॲटलस जहाज पोर्ट लुईला लागले आणि पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसे हिंदुस्थानातून त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे आणि घाटावरचे मराठी लोकही होते. 1842 मध्ये सरकारने स्थलांतरितांसाठी संरक्षक नेमला. त्याचे नावच संरक्षक, प्रोटेक्टर. शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी न्यायदंडाधिकारी होते, ज्यांच्यापुढे मजूर आणि मळेवाला दोघांचे खटले चालत. म्हणजे तक्रारीची सोय होती, कचेरी होती, वही होती, वहीत रकाने होते. प्रश्न एवढाच की संरक्षकाला गव्हर्नर नेमीत असे, त्याचा पगार वसाहतीच्या तिजोरीतून निघे, त्याची पुढची बढती त्याच सरकारच्या हाती असे, आणि त्या वसाहतीच्या कौन्सिलमध्ये जे बिनसरकारी सभासद नेमले जात त्यांत मळेवाले आणि साखरेचे व्यापारी यांचाच भरणा असे. व्यवस्थापकाने "पगार दिला" असे सांगितल्यावर त्याची पगाराची वही मागवावी असे त्या कचेरीतल्या कुणाला सुचले नाही, यात मला एकेका अधिकाऱ्याचा दुष्टपणा दिसत नाही. वही मागवली असती तर त्याला उत्तर द्यावे लागले असते; न मागवल्याबद्दल त्याला विचारणारे कुणी नव्हते.

काकांनी इतिहास वाचलेला होता. पुढचा भाग त्यांनीच सांगितला, आणि त्यात त्यांचा आवाज बदलला. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांवरही छायाचित्राचे तिकीट आणि पोलिसांचा पास बाळगण्याची सक्ती आली. पास नसेल तर माणूस भटक्या ठरे आणि भटक्यांच्या डेपोत जाई. नूव्हेल देकूव्हेर्त येथे सासऱ्यांचा मळा सांभाळणारे अडोल्फ द प्लेव्हित्झ हे मूळ जर्मन घराण्यातले गृहस्थ, त्यांनी या लोकांची गाऱ्हाणी लिहून काढली आणि जून 1871 मध्ये 9,401 जुन्या मजुरांच्या नावाने गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्याकडे अर्ज दिला. मळेवाल्यांनी प्लेव्हित्झ यांनाच हद्दपार करा अशी मागणी केली, त्यांच्यावर रस्त्यात हात टाकला गेला, पण गॉर्डन यांनी त्यांना घालवले नाही. उलट त्यांनी लंडनकडे शाही आयोग मागितला. आयोग आला. त्याचे दोन सभासद होते, फ्रिअर आणि विल्यमसन; पैकी विल्यम फ्रिअर हे मुंबई इलाख्यात न्यायाधीश राहिलेले गृहस्थ. 1872 ते 1875 पर्यंत त्यांनी काम केले आणि मजुरांचे रक्षण ज्यांनी करायचे ते ते करीत नाहीत हे मोठ्या अहवालात नोंदवले. 1878 मध्ये मजुरांचा नवा कायदा झाला.

"माझा पणजोबा त्या नऊ हजारांत असेल ना?" काकांनी विचारले.

असेल असे म्हणणे मला सोपे होते आणि त्यांना ते ऐकायचे होते. पण अर्जातली नावे माझ्यासमोर नव्हती आणि 1871 मध्ये पणजोबांचा करार नुकताच संपला असेल एवढेच हिशेबाने सांगता येत होते. पुराव्याशिवाय मी नाव जोडत नाही. तसे मी त्यांना सांगितले.

शेजारच्या टेबलावर आमचे एक स्नेही बसले होते, दख्खनच्या दंग्यांवर काम करणारे. ते रोज त्याच जागी बसतात. आमचे बोलणे त्यांच्या कानावर पडत होतेच. दुपारी चहाला आम्ही तिघेही काळा घोड्याच्या बाजूला गेलो तेव्हा काकांनी त्यांना आणि मला मिळून एक प्रश्न विचारला. आता मॉरिशसमध्ये लोकपाल आहे, घटनेतच आहे. तेव्हाच्या सरकारने तसा एक स्वतंत्र माणूस नेमला असता, तर पणजोबांची सक्तमजुरी टळली असती का? आणि परक्या सरकारकडून तशी अपेक्षा करणे योग्य होते का?

स्नेह्यांचे मत झटकन आले आणि ते विचार करण्यासारखे होते. ते म्हणाले की लोकपाल प्रशासनाची चूक पाहतो, कायद्याची नाही. दुहेरी कपात कायद्यात होती, परवानगीविना मळा सोडणे कायद्याने गुन्हा होता. उद्या तेथे देवमाणूस लोकपाल म्हणून बसवला असता तरी त्याने काय केले असते? कायदा बदलायला आयोगच लागतो आणि आयोग आला, तोही बाहेरून, तोही स्वतंत्र. त्यांनी आपल्याकडचेच उदाहरण दिले. फ्रिअर-विल्यमसन यांचा अहवाल ज्या 1875 मध्ये आला, त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला, सावकारांची खतपत्रे जळाली, आणि सरकारने आयोग बसवून शेतकऱ्यांच्या कर्जाची मुळापासून चौकशी केली, ज्यातून पुढे 1879 चा शेतकरी साहाय्य कायदा आला. सर्वांत दूरचे, सर्वांत बहिरे सरकारसुद्धा आयोगाचे ऐकते, असे त्यांचे म्हणणे.

मला ते पटले नाही, आणि का पटले नाही हे मला तेथे चहाच्या टपरीवर नीट मांडता आले नव्हते, म्हणून येथे मांडते.

आयोग येतो केव्हा, हे आधी पाहिले पाहिजे. सुप्याला आधी आग लागली, मग आयोग आला. त्याआधी 1870 पासून पुण्यात सार्वजनिक सभा शेतकऱ्यांची स्थिती सांगत होती. मॉरिशसमध्ये नऊ हजार माणसे एकदम उभी राहिली तेव्हा आयोग आला, आणि तोही एक गव्हर्नर ऐकणारा होता म्हणून. आयोग परतला. कचेरी, वही आणि रकाने तेथेच राहिले. 1909 मध्ये आणखी एक शाही आयोग आला, ज्याच्यापुढे बडोद्याचे बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर यांनी मजुरांची बाजू मांडली. 1937 मध्ये कारखान्यांनी उबा जातीच्या उसाचा भाव 15 टक्क्यांनी उतरवला, युनियन फ्लाकला लहान शेतकरी आणि मजूर जमले, गोळीबारात चार माणसे मेली, आणि हूपर आयोग बसला. 27 सप्टेंबर 1943 ला बेल व्ह्यू हारेल येथे पुन्हा गोळीबार झाला, पुन्हा चार मेली, त्यांत अंजले कुपेन ही गरोदर बाई होती, आणि पुन्हा आयोग, या वेळी मूडी यांचा. सत्तर वर्षांत चार आयोग. प्रत्येकाने मनापासून काम केले असेल. पण मधल्या काळात जो एकटा माणूस फ्लाकहून पायी निघाला, त्याच्यासाठी आयोग कधीच नव्हता, कारण आयोग बसवायला प्रेते लागतात किंवा नऊ हजार सह्या लागतात. त्याच्याकडे एकच अंगठा होता.

आणि कायद्याचा मुद्दा. दुहेरी कपात कायदेशीर होती हे खरे. पण पगार थकला आहे की नाही, हा कायद्याचा प्रश्न नव्हता, वही उघडून पाहण्याचा प्रश्न होता. वही न पाहता एका बाजूचे म्हणणे मान्य करणे ही प्रशासनाची चूक आहे आणि नेमकी तीच लोकपालाची जागा आहे. त्याहून महत्त्वाचे असे की स्वतंत्र माणसाला दरवर्षी अहवाल छापावा लागतो. यंदा इतके मजूर पगाराची तक्रार घेऊन आले, त्यांपैकी इतक्यांना तक्रारीच्या दिवसांची गैरहजेरी लावून शिक्षा झाली, असे एक वाक्य जर दर जानेवारीत छापून लंडनच्या पार्लमेंटच्या टेबलावर पडले असते, तर दुहेरी कपातीचा बचाव करणे कुणालाही कठीण गेले असते. आयोगाला जे कळायला तीन वर्षे लागली, ते एका कारकुनाच्या बेरजेने कळले असते.

मी हे इतक्या खात्रीने म्हणते, त्याला माझ्या घरचे एक कारण आहे. माझे वडील शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांच्या सेवेची दोन वर्षे हिशेबात धरली गेली नाहीत म्हणून त्यांनी वरच्या कार्यालयाकडे अर्ज केला. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण पद्धत कुठल्या एका कार्यालयाची नाही. अर्ज वर गेला आणि "उचित कार्यवाहीसाठी" असा शेरा घेऊन ज्या टेबलाने चूक केली त्याच टेबलावर परत आला. त्या टेबलाने आपली चूक नसल्याचा अहवाल वर धाडला आणि वरून वडिलांना उत्तर आले की अहवाल मागवण्यात आला असून आपल्या तक्रारीत तथ्य आढळत नाही. चार वेळा. मी त्या वेळी कॉलेजात होते आणि ती पाकिटे मी फोडत असे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच न्यायाधीश करण्यासाठी परके सरकार लागत नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याने लोकायुक्त आले आणि 1972 पासून त्यांचे काम सुरू झाले, देशात सर्वांआधी. वडिलांना तो रस्ता कुणी वेळेवर सांगितला नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

तरीही काकांच्या प्रश्नाचा दुसरा भाग शिल्लक होता, आणि तो अधिक अवघड आहे. वसाहतीच्या सरकारने स्वतंत्र लोकपाल नेमायचा म्हणजे तो कुणाला उत्तरदायी असणार? स्वीडनमध्ये 1809 मध्ये हे पद निघाले ते संसदेचा माणूस म्हणून. ब्रिटनने 1967 मध्ये कायदा केला तेव्हा तक्रार खासदाराच्या हातूनच जावी अशी अट घातली. पण ज्या बेटावर निवडून आलेली सभाच नाही, तेथे लोकपालाने अहवाल द्यायचा तो गव्हर्नरला, आणि ज्या सरकारविरुद्ध तक्रारी त्या सरकारचा मुख्य तो गव्हर्नरच. स्नेही हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली: म्हणजे पुन्हा संरक्षकच झाला की.

होय, नेमणूक तशी केली तर तसेच होईल. म्हणूनच गॉर्डन यांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. मॉरिशसमध्ये ज्यांनी मजुरांचा अर्ज हाती घेतला, मळेवाल्यांचा रोष पत्करला, ते गॉर्डन 1874 मध्ये बेट सोडून गेले, पुढे फिजीचे गव्हर्नर झाले, आणि तेथे हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्याची व्यवस्था त्यांनीच सुरू केली. मे 1879 मध्ये लिओनिडास जहाज तेथे पोचले. माणूस तोच होता. मला यात ढोंग दिसत नाही. गव्हर्नरचे कान उघडे असणे ही त्याची मर्जी असते आणि मर्जी बदलीबरोबर जाते, एवढे दिसते. म्हणून नेमणूक लंडनहून व्हावी, पगार वसाहतीच्या कौन्सिलच्या मतावर टांगलेला नसावा, मुदत ठरलेली असावी आणि त्या मुदतीत गव्हर्नरला त्याला काढता येऊ नये, वही मागवण्याचा हक्क त्याला असावा, आणि त्याच्यापर्यंत येणाऱ्या माणसाची गैरहजेरी लागू नये. या गोष्टी तेव्हाच्या लोकांना अज्ञात नव्हत्या. न्यायाधीशाला मर्जीपासून दूर ठेवायचे कसे, हे इंग्रजांना स्वतःच्या घरी चांगले ठाऊक होते.

प्रत्यक्षात झाले ते असे. मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना 1964 मध्ये घटनेचे सल्लागार प्राध्यापक डी स्मिथ यांनी लोकपालाची शिफारस केली. बेटावर अनेक समाज, कुणाच्या हाती सरकार गेले तर कुणावर अन्याय होईल याची धास्ती, तिच्यावरचा हा एक उपाय होता. 1965 च्या लंडन परिषदेनंतर ते पद घटनेत आले: पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता यांचा सल्ला घेऊन नेमणूक, चार वर्षांची मुदत, कुणाही नागरिकाची थेट तक्रार, आणि स्वतः होऊन चौकशी करण्याचाही अधिकार. 12 मार्च 1968 ला बेट स्वतंत्र झाले आणि 1970 मध्ये पहिले लोकपाल आले, गुन्नार लिंड, स्वीडनहून. हाँगकाँगची गोष्टही फार वेगळी नाही. तेथे 1966 मध्ये फेरीबोटीच्या पहिल्या वर्गाचे भाडे पाच सेंटांनी वाढले आणि दंगल झाली, सरकार व लोक यांच्यात किती अंतर पडले आहे याची चर्चा झाली, तरी तक्रारींसाठी वेगळा आयुक्त नेमायला 1989 उजाडले, आणि लोकांना त्याच्याकडे थेट जायला 1994. तीनच वर्षांनी इंग्रज तेथून निघून गेले.

स्वतःचा हिशेब तपासणारा माणूस ज्यांनी सोबत आणला नाही, त्यांनी जाताना तो मागे ठेवला. मी हे बोलून दाखवले तेव्हा काका म्हणाले की त्यांच्या एका विद्यार्थ्याची पेन्शन त्याच लोकपालाकडे लिहिलेल्या एका पानी पत्राने सुटली होती आणि पत्राला तिकिटापलीकडे खर्च आला नव्हता. माझे वडील मला आठवले. मी काही बोलले नाही.

आम्ही परत वाचनकक्षात आलो. काकांनी सोबत वंशावळीचा मोठा कागद आणला होता, घरच्या गणपतीच्या खोलीत लावण्यासाठी केलेला. प्रत्येक नावापुढे जन्म, लग्न, मृत्यू आणि शेरा असे चार रकाने होते. पणजोबांच्या नावापुढे शेऱ्याचा रकाना कोरा होता. आजोबांच्या पुढे "बैलगाडी घेतली", वडिलांच्या पुढे "पहिले शाळेत गेले" असे लिहिलेले. काकांना तो रकाना माझ्या अक्षरात मोडीत भरून हवा होता, खाली देवनागरीसह.

काय लिहायचे यावर ते बराच वेळ थांबले. तुरुंगात गेले हे लपवायचे नाही, असे त्यांनी आधी सांगितले. मग म्हणाले, ते आधी लिहू नका. मी टाक पुसला, आणि त्यांनी सांगितले तसे लिहिले: "सन 1869. तीन महिन्यांचा पगार मागण्यास फ्लाकहून पोर्ट लुईस पायी गेले."